पट्टीवरची रेघ काय सांगते, काय सांगत नाही

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद होतो. ही बातमी दरवर्षी येते. हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे डास मात्र याच दिवसांत वाढतात, आणि महाराष्ट्रातल्या हिवतापाचा विषय निघाला की गडचिरोलीचं नाव वर्षानुवर्षं आघाडीवर असतं. जंगलातल्या एखाद्या टोल्यावर पोर तापानं फणफणलं, तर त्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी आहेत का, हे तिथल्या तिथे कोण सांगणार? सूक्ष्मदर्शक प्राथमिक आरोग्य केंद्रात, तो हाताळणारा तंत्रज्ञही तिथेच, आणि मध्ये भरलेली नदी.

सांगते ती गावचीच आशाताई. तिच्याकडे प्लास्टिकची चपटी किटं असतात. ती आधी पाकिटावरची मुदत बघते, मगच पाकीट फोडते. पोराच्या अनामिकेचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून कोरडं होऊ देते, कारण ओल्या बोटावर रक्ताचा थेंब धरत नाही, पसरतो. सुई टोचते आणि आलेला थेंब बारक्या नळीनं उचलते. लागतं ते रक्त साधारण पाच मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा दोनशेवा भाग. ते किटवरच्या खाचेत टेकवायचं, शेजारच्या खाचेत द्रावणाचे थेंब सोडायचे आणि घड्याळ बघून थांबायचं. पांढऱ्या पट्टीवरून लालसर रंग सरकत जातो आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. फक्त ‘कंट्रोल’ची रेघ आली तर हिवताप सापडला नाही. तिच्या जोडीला दुसरी आली तर सापडला. आणि ती कोणत्या जागी आली त्यावरून परजीवी फाल्सिपेरम जातीचा आहे की व्हायवॅक्स, हेही कळतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो, आणि क्लोरोक्विनला तो दाद देईनासा झाल्यामुळे त्यावर आर्टेमिसिनिनचं संयुक्त औषध द्यावं लागतं. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. त्यासाठी क्लोरोक्विनच्या जोडीला चौदा दिवस प्रायमाक्विन. एका रेघेची जागा बदलली की गोळ्या बदलतात.

पट्टी येण्याआधीची रीत अशी होती: आरोग्य कर्मचारी तापाच्या रुग्णाच्या रक्ताची काच घ्यायचा, ती तपासणीला जायची, आणि तोवर हिवताप गृहीत धरून क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या जायच्या. काचेचा निकाल यायला कुठे दोन दिवस, कुठे आठवडा, दुर्गम भागात त्याहूनही जास्त. ज्याला हिवताप नव्हता त्यानंही गोळ्या खाल्ल्या, आणि ज्याला फाल्सिपेरम होता त्याला वेळेत योग्य औषध मिळालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं की आधी चाचणी, मग औषध. भारताच्या कार्यक्रमात दोन्ही परजीवी ओळखणारं किट २०१३ मध्ये आलं. दुर्गम भागातल्या आरोग्यसेवेला गेल्या काही दशकांत मिळालेल्या साधनांत या किटाला फार वरचं स्थान द्यायला हवं. त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि ते वापरायला पदवीही लागत नाही.

कागदाच्या तुकड्यावर रंग बदलून काही कळतं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि हळदीत चुन्याची निवळी घातली की कुंकवाचा रंग येतो. तिथे हळद समोरचा पदार्थ अल्कधर्मी आहे हेच सांगत असते. वैद्यकात या कल्पनेचा पहिला मोठा उपयोग मधुमेहासाठी झाला. लघवीतली साखर तपासायला पूर्वी बेनेडिक्टचं निळं द्रावण लघवीबरोबर परीक्षानळीत तापवावं लागे. साखर असेल तर ते हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी होई. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एल्खार्ट इथे माइल्स कंपनीत काम करणाऱ्या हेलन आणि आल्फ्रेड फ्री या रसायनज्ञ दांपत्यानं ही शेगडी घालवली. त्यांनी साखरेशीच क्रिया करणारं विकर आणि रंग देणारं रसायन कागदाच्या टोकावर सुकवून बसवलं. १९५६ मध्ये ही ‘क्लिनिस्टिक्स’ पट्टी बाजारात आली: लघवीत बुडवायची आणि रंग बघायचा. १९६५ मध्ये त्याच कंपनीनं रक्ताच्या थेंबावर चालणारी पट्टी काढली. आज घरोघरी असलेल्या ग्लुकोमीटरची ही आजी.

हिवतापाची पट्टी मात्र निराळ्या तत्त्वावर चालते. तिथे शोधायचा पदार्थ साखरेसारखा भरपूर नसतो. रक्ताच्या असंख्य प्रथिनांतून एकच नेमकं हुडकायचं असतं. फाल्सिपेरम परजीवी एचआरपी-२ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. त्या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत तयार करतात आणि पट्टीत दोन ठिकाणी ठेवतात. सुरुवातीच्या भागात ती सुकवून ठेवलेली असतात, प्रत्येकाला सोन्याचा अतिसूक्ष्म कण जोडून. पुढे नायट्रोसेल्युलोजच्या पांढऱ्या पट्टीवर त्याच प्रथिनाला पकडणारी दुसरी प्रतिपिंडं एका आडव्या रेषेत घट्ट बसवलेली असतात. रक्त आणि द्रावण पट्टीत झिरपू लागलं की सुकलेली प्रतिपिंडं सुटतात, वाटेत प्रथिन भेटलं तर त्याला धरतात आणि प्रवाहाबरोबर पुढे जातात. रेषेपाशी पोचल्यावर तिथली प्रतिपिंडं तेच प्रथिन दुसऱ्या बाजूनं पकडतात. सोन्याचे कण तिथे अडकून साचतात, आणि रेघ दिसू लागते.

ती लाल का? सोन्याचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास आले की ते पिवळे दिसत नाहीत, माणकासारखे लाल दिसतात. गरोदरपणाच्या, हिवतापाच्या, कोविडच्या कितीतरी पट्ट्यांवर जी लालसर रेघ उमटते, ती अक्षरशः सोन्याची असते. पुढे असलेली कंट्रोलची रेघ रोगाबद्दल काहीच सांगत नाही. द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि आतली रसायनं जिवंत आहेत, एवढीच ती ग्वाही. ती आली नाही तर बाकीच्या रेघा कितीही ठळक असोत, किट बाद.

नेमकी एकाच प्रथिनाला चिकटणारी, हवी तितकी आणि अगदी एकसारखी प्रतिपिंडं मिळू लागली ती १९७५ नंतर. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी ती पद्धत शोधली. तिचं पेटंट घेतलं गेलं नाही, आणि १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जगभर स्वस्त पट्ट्या निघू शकल्या त्यामागे हे काम आहे.

बहुतेकांच्या घरात पहिल्यांदा शिरलेली अशी चाचणी म्हणजे गरोदरपणाची. तिच्या मुळाशी मार्गारेट क्रेन ही तरुण ग्राफिक डिझायनर आहे. १९६७ मध्ये ती न्यू जर्सीतल्या ऑर्गनॉन या औषध कंपनीत सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवर काम करत होती. कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉक्टरांनी पाठवलेल्या लघवीच्या नमुन्यांची तपासणी चालायची. ओळीनं परीक्षानळ्या, खाली आरसा, आणि नळीच्या तळाशी लाल कडं दिसलं की स्त्री गरोदर. एवढंच असेल तर बाई हे घरी का करू शकत नाही, असं तिला वाटलं. टेबलावरच्या कागदी क्लिपांच्या पारदर्शक डबीपासून तिनं घरगुती किटचा नमुना तयार केला. हा डॉक्टरांचा प्रांत आहे, असा वरिष्ठांचा सूर होता. तरी १९७१ मध्ये ते किट कॅनडात विकायला आलं. अमेरिकेत घरगुती चाचण्यांना परवानगी मिळायला १९७६ उजाडलं. त्या किटात दोन तास थांबावं लागे आणि नळीला धक्का लागलेला चालत नसे. आजच्यासारखी एका पायरीची, रेघ दाखवणारी कांडी १९८८ मध्ये ब्रिटनमधून आली. आपल्याकडे हीच तपासणी आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाच्या सरकारी किटनं मोफत होते. स्वतःच्या शरीराबद्दलची पहिली बातमी बाईला स्वतःला आधी कळणं ही साधी गोष्ट नाही. क्रेननं धरलेला आग्रह म्हणूनच मोठा वाटतो.

पट्टीचा उपयोग किती मोलाचा असू शकतो हे बिहारनं पाहिलं आहे. काळा आजाराचं निदान पक्कं करायचं तर प्लीहेत किंवा अस्थिमज्जेत सुई घालून नमुना काढावा लागे. प्लीहेत सुई म्हणजे आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका, आणि ते काम करणारे हात फक्त मोठ्या रुग्णालयांत. आरके-३९ नावाच्या प्रथिनावर आधारलेली पट्टी आली, वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि बोटाच्या थेंबावर गावाजवळ निदान शक्य झालं. पण ही पट्टी परजीवी शोधत नाही. शरीरानं परजीवीविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात. म्हणून कार्यक्रमाचा नियम असा: दोन आठवड्यांहून जास्त ताप, वाढलेली प्लीहा आणि पट्टीवर रेघ, तिन्ही एकत्र असतील तरच काळा आजार. ज्याला पूर्वी हा आजार होऊन गेलाय त्याची पट्टी पुराव्याला चालत नाही.

प्रतिपिंडं शोधणारी पट्टी आणि जंतूचा अंश शोधणारी पट्टी, हा भेद विसरल्यानं देशाला दोनदा किंमत मोजावी लागली. पहिल्यांदा क्षयरोगात. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या खाजगी प्रयोगशाळांत धडाक्यात चालायच्या; भारतात वर्षाला सुमारे १५ लाख अशा चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. क्षयाच्या जंतूशी इथल्या असंख्य निरोगी माणसांचाही कधी ना कधी संबंध आलेला असतो. त्यामुळे धडधाकट माणसाला क्षयाची औषधं सुरू व्हायची आणि खऱ्या रुग्णाला ‘काही नाही’ सांगून घरी पाठवलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०११ मध्ये या चाचण्या वापरू नका असं बजावलं आणि जून २०१२ मध्ये भारतानं त्यांचं उत्पादन, आयात आणि विक्री यांवर बंदी घातली. हा निर्णय योग्य होता आणि तो आणखी लवकर व्हायला हवा होता.

दुसऱ्यांदा कोविडमध्ये. एप्रिल २०२० मध्ये प्रतिपिंडं शोधणारी आयात केलेली किटं राज्यांना वाटण्यात आली. राजस्थाननं ती तपासली तेव्हा अचूकता अवघी ५.४ टक्के असल्याचं सांगितलं. आठवड्याभरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) ती परत करायला लावली. त्यानंतर जूनमध्ये विषाणूचं प्रथिन शोधणारी अँटीजेन चाचणी आली आणि तिच्याबरोबर एक शहाणा नियम आला: रेघ आली तर कोविड धरा, लक्षणं असून रेघ आली नाही तर आरटी-पीसीआर करा. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबचं ‘कोविसेल्फ’ हे घरच्या घरी करायचं किट मंजूर झालं आणि नाकातला बोळा फिरवून रेघेची वाट बघणं शहरी घरांत नेहमीचं झालं.

त्या नियमात एक हिशेब दडलेला आहे आणि तो प्रत्येकानं एकदा कागदावर मांडून बघावा. एक चाचणी घेऊ, जी दहा रुग्णांतले नऊ पकडते आणि शंभर निरोगी माणसांत पाच जणांना चुकून रुग्ण ठरवते. हजार माणसांच्या गावात दहा रुग्ण आहेत. चाचणी त्यांतले नऊ पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी लोकांतही जवळपास ५० जणांची रेघ उमटेल. म्हणजे रेघ आलेल्या ५९ जणांपैकी खरे रुग्ण फक्त नऊ. तीच चाचणी साथ ऐन भरात असताना, हजारात ३०० रुग्ण असताना केली, तर २७० खरे आणि ३५ खोटे; रेघ आलेल्या दहांतले जवळपास नऊ खरे. पट्टी तीच, पण तिच्या रेघेचा अर्थ बदलला. लक्षणं नसलेल्या माणसानं कुतूहलापोटी केलेली तपासणी आणि तीन दिवस तापलेल्या माणसाची तपासणी सारखी नसते, ती यामुळेच. एचआयव्हीच्या बाबतीत राष्ट्रीय कार्यक्रम एका पट्टीवर कुणालाही बाधित ठरवत नाही. वेगवेगळ्या तत्त्वांची तीन किटं एकामागून एक वापरून तिन्हींत संसर्ग दिसला तरच निदान कळवलं जातं. डेंग्यूतही खाजगी दवाखान्यांत रॅपिड कार्डाचा सुळसुळाट असला, तरी सरकारी नियमानं खात्री एलायझा चाचणीनंच होते, आणि त्यासाठीचं आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते.

काही पट्ट्या तर उलट वाचायच्या असतात. औषधं, अमली पदार्थ, दुधातले प्रतिजैविकांचे अंश अशा लहान रेणूंना दोन बाजूंनी एकदम पकडायला जागाच नसते. म्हणून तिथे रचना फिरवतात: पट्टीवरच्या रेषेत तोच पदार्थ आधीच बसवून ठेवतात. नमुन्यात पदार्थ नसेल तर रंगीत प्रतिपिंडं रेषेवर जाऊन बसतात आणि रेघ दिसते. नमुन्यात पदार्थ असेल तर प्रतिपिंडं वाटेतच त्याला चिकटतात आणि रेषा कोरी राहते. म्हणजे दोन रेघा आल्या तर पदार्थ नाही, एकच आली तर आहे.

अमेरिका आणि कॅनडात या उलट्या रेघेवर आज माणसं जगतात. तिथे हेरॉइन आणि बनावट गोळ्यांत फेंटानिल मिसळलेलं असतं. हे हेरॉइनहून सुमारे ५० पट तीव्र, आणि चिमूटभर जास्त गेलं तर श्वास थांबतो. लघवी तपासण्यासाठी बनलेल्या फेंटानिलच्या पट्ट्या व्हँकुव्हरमध्ये २०१६ पासून वेगळ्या कामाला लावल्या गेल्या: पदार्थाचा कण पाण्यात विरघळवायचा, पट्टी बुडवायची आणि घेण्याआधी बघायचं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ही पट्टी बाळगणं म्हणजे अमली पदार्थांचं साहित्य बाळगणं, असा कायदा होता. तो एकेका राज्यानं बदलला आणि २०२१ मध्ये केंद्रीय निधीतून या पट्ट्या खरेदी करायला परवानगी मिळाली. व्यसनी माणूस आधी जिवंत राहिला तरच त्याच्यावर उपचार होतील, या विचाराला विरोध करण्यासारखं काही नाही. मात्र पट्टी फेंटानिल आहे की नाही एवढंच सांगते; किती आहे ते सांगत नाही.

विदर्भ आणि नंदुरबारच्या लोकांना जवळची पट्टी म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तीन वर्षांत सात कोटी लोकांची तपासणी ठरवली गेली. जुनी विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढं सांगते. तो माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. नवी रॅपिड किटं काही मिनिटांत तो फरक दाखवतात. लग्न ठरवणाऱ्या दोन कुटुंबांसाठी आणि बाळासाठीही हा फरक सगळं काही आहे. तरीही दोष आढळल्यास एचपीएलसी चाचणीनं खात्री करून घेणं आवश्यक असतं.

आता पुन्हा हिवतापाकडे, कारण तिथे परजीवीनंच एक अडचण उभी केली आहे. २०१० मध्ये पेरूमधल्या शास्त्रज्ञांना असे फाल्सिपेरम सापडले ज्यांच्यात एचआरपी-२ बनवणारा जनुकच नव्हता. अशा परजीवींनी रक्त भरलं तरी त्या प्रथिनावर आधारलेल्या पट्टीवर रेघ येत नाही. पुढे इरिट्रिया आणि इथिओपियात हे परजीवी मोठ्या प्रमाणावर आढळले, इतके की इरिट्रियाला किटच बदलावं लागलं. भारतातही छत्तीसगडसह काही राज्यांतल्या नमुन्यांत हा जनुक गायब असल्याचं दिसलं आहे, आणि छत्तीसगड गडचिरोलीला लागूनच आहे. अशा परजीवींमुळे निसटणारे रुग्ण पाच टक्क्यांच्या वर गेले तर देशानं दुसऱ्या प्रथिनावर आधारलेलं किट घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट बाजूही आहे: उपचार पूर्ण होऊन परजीवी मेले तरी एचआरपी-२ काही आठवडे रक्तात रेंगाळतं, त्यामुळे बरा झालेला माणूसही पट्टीवर हिवतापाचा रुग्ण दिसू शकतो. म्हणून रक्ताची काच आणि ती वाचणारा तंत्रज्ञ यांची गरज संपलेली नाही. पट्टी आली म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातली तंत्रज्ञाची जागा रिकामी ठेवणं परवडणारं नाही.

घरात किट आणणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. मुदत बघावी, पाकीट वापरायच्या क्षणीच उघडावं, किट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. निकाल सांगितलेल्या मिनिटांतच वाचावा. तासाभरानं दिसणारी फिकट रेघ बहुतेकदा ओल सुकल्याची खूण असते. गरोदरपणाची तपासणी पाळी चुकल्यावर आणि शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. आणि ताप, धाप, तीव्र पोटदुखी किंवा गुंगी असताना पट्टी कोरी आली, तरी त्या पट्टीवर विसंबून दुखणं अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.